सरळ रेषा की फ्री-मोशन? मशीनवर गोधडी शिवण्याआधी एवढं समजून घ्या

क्विल्टिंगची एक रील पाहिली की मागोमाग दहा रील समोर येतात. मशीनची सुई थांबत नाही, दोन हात कापड गोल गोल फिरवताहेत आणि बघता बघता अख्ख्या चादरीवर वेलबुट्टी तयार! मग आपल्याला कपाटातल्या जुन्या साड्या आठवतात आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आईचं मशीनही आठवतं.

माझंही असंच झालं. आजीच्या चार सुती साड्या होत्या. त्यांची गोधडी करायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी रीलमधल्यासारखी वेलबुट्टी काढायला बसलो. दहा मिनिटांनी कापड उलटं करून पाहिलं तर खाली दोऱ्याचा मुठीएवढा गुंता. तो ओढून काढताना साडी वीतभर फाटली. ती साडी आता कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून शिवायला बसण्याआधी हे ठरवा, की टाके सरळ रेषेत घालायचे की फ्री-मोशन करायचं. आवडीनिवडीचा भाग त्यात आहेच. पण त्याआधी मशीन दोन्ही वेळा नेमकं काय करतं हे कळलं, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी क्विल्टिंग म्हणजे काय?

वरचं कापड, मधला भराव आणि खालचं अस्तर असे तीन थर आरपार टाके घालून एकत्र बांधायचे, याला क्विल्टिंग म्हणतात. आपली गोधडी किंवा वाकळ याच घराण्यातली. फरक इतकाच की गोधडीत बहुतेक वेळा वेगळा भराव नसतो. जुन्या साड्या, धोतरं, चादरी यांचे थर हाच भराव, आणि त्यावर हाताने घातलेला धावदोरा.

कापड कोण सरकवतं?

मशीनच्या सुईखालची पट्टी नीट बघा. तिच्या फटींतून करवतीसारखे बारीक दाते वर आलेले दिसतील. सुई कापडाबाहेर असते तेव्हा हे दाते वर येतात, कापडाला खालून पकडून मागच्या बाजूला नेतात, मग खाली बसतात आणि पट्टीखालून पुन्हा पुढे येतात. अशा चार हालचाली झाल्या की पुढचा टाका.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर फोनचा स्लो-मोशन कॅमेरा वापरा. सुई आणि दोरा काढून ठेवा, कापड घालू नका, प्रेसर फूट वर ठेवा आणि मशीन सावकाश चालवा. मशीन मिनिटाला ६०० टाके या वेगाने चालत असेल तर सेकंदाला १० टाके होतात. सेकंदाला १२० फ्रेमच्या व्हिडिओत एका टाक्याच्या १२ फ्रेम मिळतात. दात्यांचं वर-मागे-खाली-पुढे फिरणं त्यात स्वच्छ दिसतं.

ही चार हालचालींची युक्ती अमेरिकेत ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली. त्याआधी, १८४६ मध्ये पेटंट मिळालेल्या एलियास हाउ यांच्या मशीनमध्ये कापड एका पट्टीवरच्या पिनांना अडकवावं लागायचं. पट्टीच्या लांबीएवढी शिवण झाली की थांबायचं, कापड सोडवायचं आणि पुन्हा अडकवायचं. वळण घेण्याचा प्रश्नच नव्हता. दाते आले आणि शिवता शिवता कापड वळवता येऊ लागलं.

आता मुद्द्याचं. सरळ रेषेच्या क्विल्टिंगमध्ये कापड दाते सरकवतात. फ्री-मोशनमध्ये दाते खाली बसवतात किंवा झाकतात आणि कापड तुमचे हात सरकवतात. बाकी सगळे फरक यातूनच येतात. पहिल्या पद्धतीत टाका केवढा पडेल हे मशीनच्या नॉबवर ठरतं, तुम्ही फक्त दिशा सांभाळता. दुसऱ्या पद्धतीत दिशाही तुमची आणि टाक्याची लांबीही तुमचीच. नॉब कुठेही फिरवा, काही फरक पडत नाही.

सरळ रेषेला वॉकिंग फूट का लागतो?

दाते फक्त सगळ्यात खालच्या थराला पकडतात. वरचा थर प्रेसर फूटखाली दाबलेला असतो आणि घासत घासत मागे जातो. ब्लाऊज शिवताना दोनच पातळ थर असतात, त्यामुळे हे जाणवत नाही. पण गोधडीचे चार-पाच थर, तेही ९० इंच लांब रेषेत! खालचा थर पुढे निघून जातो, वरचा मागे राहतो आणि रेषेच्या शेवटी वरच्या कापडाचा फुगा जमतो. तो दाबून शिवला की चुणी पडते.

वॉकिंग फूट हा यावरचा उपाय. या जाडजूड फूटला स्वतःचे दाते असतात आणि त्याचा एक दांडा सुई बसवायच्या स्क्रूवर टेकतो. सुई वरखाली झाली की तो दांडा हलतो आणि फूटचे दाते खालच्या दात्यांच्या बरोबरीने वरचा थर सरकवतात. थोडक्यात, वरून आणि खालून दोन्हीकडून कापड पकडून नेलं जातं.

हा फूट घ्यायला जाताना मशीनला आत्ता लावलेला फूट काढून सोबत न्या. फूट अडकवायच्या दांड्याची उंची सगळ्या मशीनची सारखी नसते. नुसतं मशीनचं नाव सांगून आणलेला फूट परत करायला दुसरी चक्कर पडू शकते.

फ्री-मोशन तुम्ही आधीच पाहिलंय

नाव नवीन वाटतं, पण तुमच्या गावातल्या बाजारात ब्लाऊजवर मशीनने भरतकाम करणारे कारागीर बसत असतील ना? लाकडी रिंगमध्ये कापड ताणलेलं, प्रेसर फूट काढून ठेवलेला, दाते कामाला नाहीत आणि रिंग हाताने मागेपुढे फिरतेय. हेच फ्री-मोशन. मशीनवर रफू करतात तेही हेच. म्हणून तर यासाठी लागणाऱ्या फूटला डार्निंग फूट म्हणतात, डार्निंग म्हणजे रफू. हा फूट कापडावर सतत दाब देत नाही. सुई खाली येते त्या क्षणी थर धरतो आणि सुई वर गेली की कापड मोकळं सोडतो.

कारागीर फूट न लावता काम करतात, कारण रिंगमुळे कापड ताठ असतं आणि हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. आपण तसं करायचं नाही. थर सैल राहतात, टाके सुटतात आणि बोट सुईखाली जायला एक क्षण पुरतो.

टाक्याचं गणित

समजा, मशीन सेकंदाला १० टाके घालतंय आणि तुम्हाला अडीच मिलिमीटरचा टाका हवाय. म्हणजे हातांनी कापड सेकंदाला २५ मिलिमीटर, साधारण एक इंच सरकवायला हवं. हात निम्म्या वेगाने गेला तर टाका सव्वा मिलिमीटरचा, दुप्पट वेगाने गेला तर पाच मिलिमीटरचा. वळणावर हात आपोआप मंदावतो आणि सरळ भागात पळतो. म्हणून नवख्या माणसाचे टाके वळणावर दाट आणि मधे लांबलांब दिसतात.

यात एक युक्ती आहे: मशीनचा वेग एकसारखा ठेवायचा आणि हात त्याच्याशी जुळवायचा. वळण आलं की घाबरून पॅडल सोडायचं नाही. मोटरचा आवाज ऐकत राहा. आवाज वरखाली होत असेल तर टाकेही लहानमोठे होणार. आणि कापड कधीही झटका देऊन ओढू नका. सुई कापडात असताना ओढलं तर ती वाकते, खालच्या पट्टीवर आपटते आणि तुटते. तुटलेला तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा असेल तर घाला.

माझ्या त्या मुठीएवढ्या गुंत्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. डार्निंग फूट खाली घेतला तरी कापडाच्या किंचित वर तरंगताना दिसतो. त्यामुळे मागचा खटका खाली केलाय की नाही हे पटकन कळत नाही. मी तो वरच ठेवला होता. खटका वर असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या राहतात, वरचा दोरा सैल सुटतो आणि सगळा खाली जाऊन जमा होतो. वरून बघाल तर टाके ठीकठाक दिसतात, म्हणून लवकर लक्षातही येत नाही.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे कापडाच्या उलट बाजूला, वळणांवर पापण्यांच्या केसांसारखे दिसणारे दोऱ्याचे फाटे. वळणावर हात फार जोरात फिरवला, किंवा वरच्या दोऱ्याचा ताण कमी पडला, की असं होतं. आधी हात सावकाश करून बघा, टेन्शनच्या नटला नंतर हात लावा.

वेळ आणि दोरा किती लागतो?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. एकट्याची गोधडी ६० बाय ९० इंचाची धरू. लांबीच्या दिशेने दर दोन इंचांवर रेषा मारली तर २९ रेषा होतात. एकूण शिवण २,६१० इंच, म्हणजे सुमारे ६६ मीटर. तीन मिलिमीटरच्या टाक्याने जवळजवळ २२,००० टाके. मिनिटाला ६०० टाके धरले तर सुई चालण्याचा वेळ ३७ मिनिटं. अर्थात हे कागदावर. थर टाचणं, रेषा आखणं, कापडाची गुंडाळी पुढेमागे करणं, बॉबिन भरणं यात दोन दिवस सहज जातात.

आता रीलमधली ती दाट वळवळीत नक्षी घ्या. तिच्या दोन वळणांमध्ये साधारण अर्धा इंच अंतर असतं. तेवढ्याच गोधडीला आता १०,८०० इंच शिवण लागेल, म्हणजे २७४ मीटर. चौपट! अडीच मिलिमीटरच्या टाक्याने नुसती सुई तीन तास चालवावी लागेल. दोरा शिवणीच्या अडीच पट तरी धरा, थर जाड असतील तर आणखी. म्हणजे सरळ रेषेला कमीत कमी १६५ मीटर आणि दाट नक्षीला ६८५ मीटर.

पण यात फ्री-मोशनचा दोष नाही, दाटपणाचा आहे. दोन इंचांवर मोठी मोठी वळणं घेतली तर शिवण सरळ रेषांएवढीच होते. उलट, अर्ध्या इंचावर सरळ रेषा मारल्या तर त्याही तेवढाच वेळ खातात. रीलमध्ये व्हिडिओ पळवलेला असतो आणि बहुतेक वेळा समोर हातरुमालाएवढा तुकडा असतो, हे विसरू नका.

दाटपणाचा आणखी एक परिणाम म्हणजे कडकपणा. जितके टाके दाट, तितकी गोधडी ताठ. भिंतीवर लावायच्या कामाला ते शोभतं. अंगावर घ्यायच्या पांघरुणाला नाही.

जुन्या साड्या असतील तर थांबा

साडी गोधडीत घालण्याआधी एक चाचणी करा. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. करकर आवाज आला किंवा धागे विरळ होताना दिसले तर ते कापड जीर्ण झालंय. अशा कापडावर दाट टाके घालणं म्हणजे त्याला एका ओळीत भोकं पाडणं. पोस्टाच्या तिकिटांची शीट कशी फाडतो, तसंच ते पुढे फाटत जातं. जीर्ण साडी मधल्या थरात ठेवा, वर धड कापड घ्या आणि दोन-तीन इंचांवर सरळ रेषा मारा, टाका तीन मिलिमीटरचा किंवा थोडा मोठा.

रेशमी साडीवर तर चूक करायची मुभाच नाही. टाका उसवला तरी सुईचं भोक दिसत राहतं.

भराव कोणता, यावरही बरंच ठरतं. साड्यांच्याच थरांची गोधडी असेल तर रेषांमध्ये अंतर ठेवलं तरी चालतं, कारण आतलं कापड कुठे जाणार नाही. पिंजलेला मोकळा कापूस भरला असेल तर मात्र टाके जवळजवळ हवेत, नाहीतर दोन धुण्यांत कापूस कोपऱ्यात गोळा होतो. विकतचं वॅडिंग आणलं तर टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे बहुधा पाकिटावर लिहिलेलं असतं. ते वाचा.

मग कोणतं निवडायचं?

पहिली मोठी गोधडी असेल तर सरळ रेषा. यात मला तरी शंका नाही. आपल्या हाताच्या गोधडीवर समांतर धावदोराच असतो, त्यामुळे ती दिसतेही आपली. फक्त एक गोष्ट उलटी करा. हाताने गोधडी शिवताना बायका बऱ्याचदा कडेपासून सुरुवात करून आत येतात, कारण हात प्रत्येक टाक्याला कापड सपाट करत जातो. मशीनला ते जमत नाही. म्हणून पहिली रेषा बरोबर मध्यावर मारा आणि तिथून दोन्ही बाजूंना जा, म्हणजे सैल कापड बाहेर ढकललं जातं. सगळ्या रेषा एकाच टोकाकडून सुरू करा. एक इकडून, एक तिकडून अशा मारल्या की मधल्या पट्ट्यांत तिरक्या सुरकुत्या पडतात.

रेषा वाकडी होण्याची धास्ती वाटते? मग मुद्दामच हलकी नागमोडी मारा. दाते वरच ठेवायचे, वॉकिंग फूटच वापरायचा आणि शिवताना कापड थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे न्यायचं. चुका नक्षीत लपून जातात. माझा स्वतःचा हा आवडता मार्ग आहे.

फ्री-मोशन कधी? जेव्हा नक्षीला सतत वळायचंय तेव्हा. साडीच्या पदरावर कोयऱ्या आहेत आणि प्रत्येक कोयरीच्या कडेने टाका हवाय असं समजा. दाते वर असतील तर प्रत्येक वळणावर अख्खी गोधडी मशीनच्या पोटातून फिरवावी लागेल. घरगुती मशीनमध्ये सुई आणि उभ्या खांबामध्ये जेमतेम वीतभर जागा असते. गुंडाळलेली गोधडी त्यात कोंबून फिरवून बघा एकदा! फ्री-मोशनमध्ये कापड वळवावं लागत नाही. पुढे, मागे, आडवं, गोल, कुठेही सरकवता येतं. पिशवी, उशीचा अभ्रा, बाळाचं दुपटं अशा लहान वस्तूंवर हात बसवायलाही हीच पद्धत मजेची.

एकाच गोधडीत दोन्ही वापरता येतात. आधी मोठ्या चौकटी सरळ रेषेत बांधून घ्यायच्या, मग थर हलत नाहीत, आणि नंतर मधल्या भागात फ्री-मोशनची नक्षी काढायची.

बरं, मशीनचं काम हाताच्या कामापेक्षा कमी दर्जाचं, असं अमेरिकेतही खूप काळ मानलं जायचं. १९८९ मध्ये केंटकीतल्या पडुका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं. मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला तिथे तो मान मिळायची ती पहिलीच वेळ होती. त्यामुळे कोणी ‘मशीनची गोधडी ती काय गोधडी’ म्हणालं तर मनावर घेऊ नका.

घरच्या मशीनवर जमेल का?

सरळ रेषा कुठल्याही चालू मशीनवर जमतात, पायाच्या काळ्या मशीनवरसुद्धा. फ्री-मोशनसाठी दाते निकामी करता यायला हवेत. नवीन मशीनला त्यासाठी खटका असतो, काही जुन्या मशीनला नॉब किंवा खाली स्क्रू असतो, काहींसोबत दाते झाकायची पातळ पट्टी मिळते. यातलं काहीच नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवा. दाते वरखाली होतील, पण कापड नेणार नाहीत. काम होतं, फक्त खालून थोडं घासल्यासारखं वाटतं. हाताच्या मशीनवर मात्र फ्री-मोशनचा नाद सोडा, कारण एक हात चाक फिरवण्यातच गुंततो.

परदेशात, आणि आता आपल्याकडेही काही जणांकडे, टाका नियंत्रित करणारी मशीन दिसतात. बर्निना कंपनीच्या बीएसआर फूटमध्ये कॉम्प्युटरच्या माऊससारखा ऑप्टिकल सेन्सर असतो. कापड किती वेगाने सरकतंय ते तो पाहतो आणि त्याप्रमाणे सुईचा वेग वाढवतो किंवा कमी करतो. वर आपण जे गणित हातांनी सोडवत होतो ते इथे मशीन सोडवतं. लाँग-आर्म मशीनमध्ये तर गोधडी फ्रेमवर ताणलेली असते आणि मशीनच रुळांवरून फिरतं. एक-दोन गोधड्यांसाठी यातलं काही विकत घ्यायची गरज नाही.

सुरुवात अशी करा

फोनवर चित्र काढायचं कुठलंही ॲप उघडा आणि बोट न उचलता, रेषा एकमेकींना न छेदता स्क्रीन वळणांनी भरा. ज्या नक्षीत बोट अडकतं, तिथे सुईही अडकणार. मग जुन्या चादरीचे वीतभर चौकोन कापा, गोधडीत जेवढे थर असतील तेवढेच घ्या, आणि असे आठ-दहा तुकडे शिवून पाहा. सुई नवी लावा, १४ नंबरची. थर जाड असतील तर १६. तळहातावर रबरी ठिपके असलेले हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्यांनी कापड छान पकडलं जातं.

मोठी गोधडी जमिनीवर अंथरून, अस्तर चिकटपट्टीने ताणून, थर एकावर एक सपाट करा आणि चार-चार बोटांवर सेफ्टी पिना लावा किंवा कच्चे टाके घाला. इथे आळस केला तर वॉकिंग फूटसुद्धा वाचवू शकत नाही. सुई जवळ आली की पिन आधी काढायची, तिच्यावरून शिवायचं नाही. सुरू करताना एक टाका घालून खालचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं धरून ठेवा, आणि पहिला हातभर भाग शिवून झाला की थांबून कापड उलटून बघा.

उसवावं लागलंच तर दोरा ओढू नका. कापड उलटं करा, खालच्या बाजूचा दर चौथा टाका उसवणीने किंवा लहान कात्रीच्या टोकाने कापा, मग सरळ बाजूचा दोरा एका टोकाने उचला. तो अख्खा निघून येतो आणि खालचे तुकडे हाताने झटकता येतात. गुंता असेल तर आधी खालून कात्रीने कापून मोकळा करा, त्यानंतरच कापड मशीनमधून बाहेर काढा.